सूर्याची किल्ली

"कामाला कुठं जाता?" असं कुणी विचारलं आणि तुम्ही "सूर्य करतात तिथं" म्हणालात, तर लोक तुमच्याकडं कसं बघतील? माझं हे रोजचंच आहे. शिक्रापूरजवळच्या लेझर लॅबमध्ये मी कोट-टोप्या धुते. चहाला बसलं की किस्से निघतात, आणि एकावर एक साचत जातात. हल्ली मात्र सगळे सरांपाशीच येऊन थांबतात.

* * *

मोठे सर दौंडचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं, "मंदाताई, मोहरीहून बारीक गोळीवर लेझर मारायचा. क्षणभर ताऱ्याच्या पोटातली धग होते. त्या धगीत अणूंचे गाभे जुळले, की पडद्यावरची रेघ उठते."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वर एक हाय की! त्यो पुरंना व्हय?"

सरांना हे इतकं आवडलं की पाहुण्यांनाही सांगायचे!

* * *

लेझरच्या हॉलमध्ये धूळ चालत नाही. जत्रेहून मी थेट कामावर आले, केसांत भंडारा तसाच. सर दारात आडवे आले.

"देवाला बाहेर बसवा, ताई. जाताना घेऊन जा."

* * *

हॉलमध्ये जाताना प्रत्येकानं बोर्डावरची आपली किल्ली खिशात ठेवायची, बाहेर आल्यावर परत लावायची. सगळ्या लागल्या की दिवा हिरवा होतो, म्हणजे आत कुणी नाही. त्याशिवाय लेझर सुटतच नाही.

एकदा आमचा टेक्निशियन इरफान किल्ली खिशात घेऊन शिरूरला घरी गेला. तो परत येईपर्यंत सगळे बसून! सर म्हणाले, "अरे, सूर्य खिशात घालून फिरतोस?"

इरफान म्हणाला, "सर, डुप्लिकेट करून ठेवू."

सरांचं हसू गेलं. "डुप्लिकेट केली की एक दिवस माणूस आत राहील."

* * *

मग सरांना कॅन्सर निघाला. केस गेले. टोपी द्यायला गेले तर म्हणाले, "मला कशाला? आता सगळ्यात स्वच्छ मीच!"

तरी मी टोपी हातात दिलीच.

रेघ काही उठत नव्हती. "डॉक्टरांनी मला दिवाळीपर्यंतचीच मुदत दिलीय," सर इरफानला म्हणाले. "एकदा उठलेली बघायचीय रे."

* * *

त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हातानं गोळी बसवली आणि हॉलमध्येच कोसळले. दवाखान्यात नेता नेता गेले.

गोळी तशीच बसलेली, आणि बोर्डावर सरांची खुंटी रिकामी. कुणी डुप्लिकेटचं नाव काढलं नाही.

दौंडला नदीवर दहावा झाला. इरफानला किल्लीचं विचारवेना. शेवटी मीच सरांच्या बायकोजवळ, वहिनींजवळ गेले. "वहिनी, सरांच्या शर्टात किल्ली होती का हो?"

"व्हय, देवाजवळ ठिवलीय. कंच्या कपाटाची हाय?"

"कपाटाची न्हाई, वहिनी. सूर्याची हाय."

मी त्यांना बोर्डाचं आणि हिरव्या दिव्याचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मीच आणून लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या आणि त्यांनी खुंटीला किल्ली लावली. दिवा हिरवा झाला, इरफाननं लेझर सोडला, आणि पडद्यावरची रेघ नखाएवढी उठली. "एवढीच?" वहिनी म्हणाल्या, आणि सरांचा राहिलेला डबा घेऊन दौंडच्या गाडीला गेल्या.