रत्नागिरीतला एकमेव हीटर

१९ डिसेंबर २००३ रोजी दुपारी अडीच वाजता, मोटारीचा हीटर तापत नाही म्हणून दुःखी असलेला मनुष्य सबंध रत्नागिरीत एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. इतरांना आपल्या गाडीत हीटर आहे याचीच वार्ता नव्हती.

शेजारच्या त्या चाचांची हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली होती. परिणामी जमिनीवरील प्रत्येक यंत्र त्यांना जहाजच वाटे. आपली जुनी पांढरी गाडी अंगणातून मागे घेताना ते बंदराच्या शिस्तीने तीन भोंगे देत, आणि गल्लीतील कोंबड्या वाट सोडत. लग्नानंतर चाचींना महाबळेश्वरला नेण्याचा त्यांचा शब्द मात्र प्रत्येक रजेत पुढे ढकलला गेला होता. आता रजाच रजा होती, तर चाचींचे गुडघे थंडीला भिऊ लागले होते. "गाडी आतून गरम राहिली तर येईन," त्यांनी निर्वाणीचे सांगितले होते, "नायतर मला आपल्या मांडवीच्या किनाऱ्याचा वारा पुरे."

म्हणून चाचांनी आधी पंखा बदलला, मग नळ्या धुतल्या, मग इंजिनाच्या पाण्यात अडकलेली हवा काढली. प्रत्येक दुरुस्तीनंतर काचा बंद करून शेजाऱ्यांना गाडीत बसवले जाई. आम्ही घामाने निथळत बाहेर येत असू, आणि चाचांना तो हीटरचा विजय वाटे. चाचींना मात्र पायाशी येणारी हवा गार ती गारच वाटे. मी तेव्हा पदार्थविज्ञान शिकत होते. त्या दुपारच्या चाचणीला प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन बसले. हीटरच्या झरोक्यातील हवा चौतीस अंश, अंगणातील एकतीस. हीटरची कमाई तीन अंशांची होती. बाकी घाम रत्नागिरीचा.

शिवाय अर्धा तास गाडी फिरवूनही इंजिनाच्या तापमानाचा काटा तळ सोडत नव्हता.

"चाचा, इंजिनच तापत नाही, तर हीटर तापणार कुठून? पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी झडप, तो थर्मोस्टॅट, जागेवर आहे ना?"

चाचांनी घराच्या खिडकीकडे बोट केले.

"मीच काढला गो. गाडी घेतली त्याच वर्षी. म्हटलं, आपल्या हवेत त्याचं काय काम?"

तो थर्मोस्टॅट इतकी वर्षे खिडकीत वर्तमानपत्रावर वजन म्हणून नोकरी करत होता. खात्रीसाठी आम्ही तो चहाच्या भांड्यात तापवला. ब्याऐंशी अंशांना झडप उघडली.

"आता ह्या भांड्यातला चहा तुम्हीच प्यायचा," चाची म्हणाल्या.

थर्मोस्टॅट बसवल्यावर झरोक्यातून पंचावन्न अंशांची हवा आली आणि चाचींकडे सबब उरली नाही. थर्मामीटरसह मलाही मागे बसवण्यात आले. घाट चढून महाबळेश्वरात शिरलो, तोच चाचींनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

"अगो, हीटर चालू आहे," चाचा कळवळून म्हणाले.

"असू दे चालू." चाची दरीतल्या धुक्याकडे पाहत होत्या. "इतकी वर्षं वाट बघितली ती गार हवेची. गरम हवा घरी काय कमी होती?"

चाचांनी क्षणभर विचार केला. मग हीटर तसाच चालू ठेवून, अगदी हळू, आपलीही काच खाली केली. मी शेवटची नोंद घेतली: बाहेर अकरा अंश, आत अकरा अंश.