भुरीचा इलाज

माह्या पोट्टीचं जावळ अर्धं मामाच्या मांडीवर निंगालं अन् अर्धं चुलीत गेलं.

(हसू नका. आंधी पुरं आयका!)

तवा आम्ही वाडीले भाड्याच्या खोलीत राहत होतो. हे ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. मी उमरेडची, चौथी पास. (म्हणजे गुरुजीनं केली पास, माह्यानं काही झालं नाई.) पोट्टी वर्षाची. कागदावर नाव वंदना, पण केस असे भुरे-भुरे, मक्याच्या कणसावानी, म्हणून समदे तिले भुरीच म्हणत. खोलीम्होरं यायनं कोहळ्याचा वेल लावला होता. त्या वेलावर यायचा भारी जीव! गोदामातून आले का पयले वेल पाहत, मंग पोट्टी, मंग मी. (तेही च्या पाहिजे म्हणून.)

दसरा होऊन गेल्ता. एक दिवस पाहते तं काय, पोट्टीच्या गालावर, हातावर पांढरं-पांढरं! पीठ लागल्यावानी. पुसलं. दुसऱ्या दिवशी परत! देवी तं नाई न? अजून काही? हे दारात बसून जेवून राहिले होते.

"अहो, पाहा न जी, हे पांढरं-पांढरं काय आलं?"

"मीही कालपासून पाहून राहिलो," हे म्हणे. "वाढूनच राहिलं."

"मंग कोणाले दाखवा न!"

"आजच दाखवतो. एक जाणता माणूस येते गोदामात."

मले वाटलं, बापाचा जीव पाहा! (बापाचे डोळे वेलावर होते, हे मले कसं समजन? मी तं पोट्टीकडे पाहून राहिली होती!)

दुपारी गोदामाचा चौकीदार आला. हातात एक पुडी अन् चिठ्ठी.

"भाभी, भैया ने भेजा है. बोले, भुरी का काम आज के आज कर डालो, नहीं तो हाथ से जाएगी."

हाथ से जाएगी! तो गेला, अन् मी दारातच बसली. माहं रडणं आयकून घरमालकीण गुंफाकाकू धावत आल्या. त्यायले वाचता येत नाई, पण हिंमत दहा जणायची.

"रडतं काहून वं सुमन? वाच आंधी!"

मी एक-एक अक्षर जोडत वाचाले लागली. "ही... भुरी... आहे."

"ते तं आपल्याले मालूम हाय. पुढं वाच."

"दमट हवेने... वाढते."

"हवेनं? मायच्या दुधानं वाढते म्हणा! कोणं लिवलं हे?"

"वेळीच आवरली नाही तर... सगळीकडे... पसरते."

इथं काकूनं मान हालवली. "हे मात्र खरं हाय. काल माह्या चुलीपावतर रांगत आल्ती."

"जास्त खराब झालेला भाग... कापून... जाळावा."

अरे बाप्पा! चिठ्ठी माह्या हातातून खालीच पडली. मी पोट्टीले असं आवळलं का ते किंचाळली. काकू मात्र इचार करून राहिल्या होत्या.

"कोणता भाग म्हणते वं? गाल का हात?"

"काकू!!"

"बोंबलू नको. मोठा डाक्टर असन, असं कसं लिवन? कापाचं अन् जाळाचं, म्हणजे... केस! पाह्य, केसातबी पांढरं हाय!"

हाय तं खरंच!

"पण काकू, जावळ हाय ते! सासूबाईनं देवीपुढं बोलून ठेवलं हाय. माहा भाऊ येणार हाय, मामाच्या मांडीवर बसवून काढाचं हाय. सासूबाई मले जित्ती ठेवतीन का?"

"पोट्टी राह्यली तं जावळ! आण कैची."

आणली कैची. पोट्टी अशी हालून राहिली होती का एकीकडचे केस मुळापासून गेले अन् दुसरीकडचे तसेच राह्यले. पोट्टी खिदळून राहिली होती, मी रडून राहिली होती. केस चुलीत टाकले. असा वास सुटला का शेजारीण खिडकीतून इचारे, "काय जाळून राहिल्या वं?"

"भुरीचा रोग!" काकू ओरडल्या. झालं! गल्लीभर बातमी!

चिठ्ठी अजून संपली नव्हती. "उरलेल्यावर गंधक धुरळावे. धुरळताना नाकातोंडाला फडके बांधावे. लहान मुलांना लांब ठेवावे."

"आता पोट्टीले पोट्टीपासून लांब कसं ठेवाचं, काकू?" (इथं तरी माही चौथी कामी याले पाहिजे होती. नाई आली!)

"दुसऱ्यायच्या पोट्ट्यायले वं! लागते न हे!"

मंग आम्ही दोघीयनं नाकाले फडकं बांधलं. पोट्टीलेबी बांधलं. वेलाखाली बसवलं, उजेडात. पिवळी पुडी सोडली. पण माहा हातच उठे ना.

"टाक वं!"

"डोळ्यात जाईन न, काकू!"

"डोळे मी झाकते, तू टाक!"

तितक्यात हे धापा टाकत आले. कोणंतरी गोदामात जाऊन सांगतलं होतं. पाहतात तं काय, तोंड बांधलेल्या दोन बाया, अन् मधात तोंड बांधलेलं अर्धं टकलं लेकरू!

"माही पोट्टी कुठी हाय?"

"हेच हाय जी."

"अन् केस?"

"जाळले. तुमच्या चिठ्ठीत होतं."

यायनं डोक्याले हात लावला. "अवं, ते वेलाचं होतं! भुरी म्हणजे पानावरची बुरशी! खेतीच्या साहेबाले पान दाखवलं म्या! पानं कापाची होती, पानं!"

"मंग पोट्टीच्या आंगावर काय आलं?"

आता मात्र यायचं तोंड उतरलं. पोट्टीकडे यायनं तवाच पयल्यांदा नीट पाह्यलं. तशीच उचलली अन् बस पकडून रामदासपेठेत डॉक्टरकडे गेलो. बसमधली सारी माणसं तिचं डोकं पाहत होती, मंग माहं तोंड.

"काय झालं?" डॉक्टर म्हणे.

"भुरी."

"मुलीचं नाव?"

"भुरी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. यायनं समदं सांगतलं. डॉक्टरनं ओल्या कापसानं गाल पुसला. साफ! मंग आंग पाह्यलं, छाती तपासली.

"काही झालेलं नाही. वेलाखाली खेळते, तिथली भुकटी लागते. साबणानं धुवा, अन् वेल नीट होईपर्यंत तिकडे सोडू नका. घरात कुठे बुरशी आहे?"

"खाटीमागच्या भिंतीले. काळी-काळी. पण मी रोज खराट्यानं झाडते जी!"

"तेच करू नका! कोरडी झाडली की उडते, नाकात जाते. मुलीला बाहेर ठेवा, नाकाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा. खिडकी उघडी ठेवा."

मी मान हालवून राहिली होती. रडून-रडून डोळे सुजले होते, अन् दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. डॉक्टरनं माह्याकडे पाहून इचारलं, "तुम्ही जेवलात का?"

मंग पोट्टीले परत माह्या मांडीवर देलं, अन् औषध मले लिवून देलं! ताकदीची बाटली. पुरी संपवली मी.

पण तिच्यावर काय लिवलं होतं, ते मात्र यायच्याकडून वाचून घेतलं. एक डाव नाई, दोन डाव!