पोकळ फांदी

कचेरीत सगळे तिला झाडबाई म्हणत. इमारत जुनी, दगडी, उंच खिडक्यांची. आवारातली झाडं, पायऱ्यांवरचे दोन दगडी सिंह आणि मोठ्या दालनातली चित्रं, सगळं तिच्या गळ्यात होतं. "सिंहांना रोज आंघोळ, आणि घरच्या माणसाला?" शिपाई चिडवायचा. "सिंह पाणी गार आहे म्हणून ओरडत नाहीत," ती म्हणायची.

झाडाचं दुखणं ती वाजवून ओळखायची. कोयत्याची मूठ फांदीवर ठोकायची आणि कान लावायची. भरीव फांदी टक् करायची, पोकळ फांदी रिकाम्या डब्यासारखी बोलायची. ती म्हणेल तीच फांदी साहेब छाटायला सांगत.

मागच्या बाजूला चिंच होती. तिची एक आडवी फांदी दालनाच्या पश्चिमेच्या खिडकीपर्यंत गेली होती. शाळा सुटली की झाडबाईची लेक त्या फांदीवर जाऊन बसायची आणि आतल्या चित्राशी गप्पा मारायची. पाण्याच्या रंगातलं भिंतभर चित्र: नदीचा काठ, आणि गडद निळी शाल घेतलेली, मागे वळून बघणारी बाई.

"आई, ती माझी वाट बघत असते गं."

"बघू दे. तू आधी खाली उतर."

"पडत नाही मी!"

खाली आईचा जीव टांगणीला. पाण्याची नळी एकाच रोपावर धरून ती वर बघत राहायची, आणि रोप गुडघाभर पाण्यात बुडायचं.

त्या वर्षी छाटणीला साहेबांनी विचारलं, "खिडकीजवळची कशी आहे? वाजवून बघितलीत?"

"बघितली. पोकळ आहे."

वाजवली होती खरी. टक् असा खणखणीत आवाज आला होता. पण तिच्या तोंडून शब्द निघून गेला, आणि साहेबांनी मान डोलावली.

लेक शाळेतून आली तेव्हा खाली नुसते ओंडके होते. तिने आकांत केला नाही. एवढंच विचारलं, "मी रोज बसायचे, तरी मला कसं कळलं नाही?"

"आतून पोकळ असली की कळत नाही बाळा. थोडक्यात वाचलीस."

हे वाक्य पोरीने मनाला लावून घेतलं. त्यानंतर ती कशावरच चढली नाही. झोपाळा नको, शिडी नको. कॉलेजच्या सहलीत सगळे टेकडीवर गेले आणि ही खाली चपला राखत बसली. "माझी लेक फार समजूतदार," झाडबाई सगळ्यांना सांगायची. तो समजूतदारपणा नव्हता, हे तिला फार उशिरा उमगलं.

आणि फांदी गेली तसं दुपारचं ऊन थेट दालनात आलं. चित्रावरची काच पुसताना तिलाच आधी दिसलं: आधी नदी विटली, मग शाल. तिने मागे लागून पडदे लावून घेतले. कारकून अंधार होतो म्हणून ते सरकवत, ही पुन्हा ओढत असे. शेवटी शाल राखेच्या रंगाची झाली, आणि चित्र तळघरात न्यायचं ठरलं.

ते उतरवायच्या दिवशी लेक आली, आपल्या छोट्या मुलीला घेऊन. काचेपुढे उभी राहून म्हणाली, "आई, ही निळी होती ना? की मीच मनाने रंगवली?"

"निळीच होती."

तेवढ्यात बाहेरून छोटीची हाक आली. ती चिंचेच्या खालच्या फांदीवर चढून बसली होती. लेक धावत बाहेर गेली. "उतर! आधी खाली उतर! पडशील!"

झाडबाई जागीच थबकली. आवाज लेकीचा होता, पण शब्द न् शब्द तिचा स्वतःचा होता.

ती मागून आली. "राहू दे तिला. मी वाजवून बघितलीय ती फांदी. भरीव आहे."

"तू ना आई! तेव्हा त्या एका फांदीने..."

"तीही भरीव होती."

लेकीला आधी कळलंच नाही. मग तिने आईकडे बघितलं, मग खोडावरच्या जुन्या, गोल, गाठाळलेल्या जखमेकडे.

"म्हणजे मी पडले नसते?"

"नसतीस."

 लेकीने छोटीला खाली घेतलं नाही, पण वर केलेले हातही तिला मागे घेता येईनात. खिडकीतून दोन माणसं चित्राची चौकट भिंतीवरून सोडवताना दिसत होती. झाडबाई नळी आणायला म्हणून वळली. पाणी घालायची वेळ झाली नव्हती.