सारोळी आधी, खुर्द नंतर

बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं, त्या सुमारास मंगलाला पाणी तपासणीच्या कचेरीत संगणकावर बसवलं. लोधीपुऱ्यात राहणारी, बी.एस्सी. झालेली बाई. गॅस बंद केला की नाही, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारी. अशा बाईच्या हातून चूक होणार नाही, असं साहेबांना वाटलं असावं.

खंडव्याहून आलेली आणि इथली रजिस्टरं एकत्र करायची होती. नोंदींना शिस्त नव्हती. कुणी गाव आधी लिही, कुणी विहीर. मंगलानं पुस्तक वाचून एक साचा रचला. गावांची नावं एकापुढं एक, मधे उभी रेघ. नोंदीत जे नाव सापडेल, त्या गावाखाली यंत्रानं तो नमुना टाकायचा. सारोळी, सारोळी खुर्द, सारोळी बुजुर्ग, असा क्रम तिनं लावला. तिचं माहेर मूळ सारोळीचं. तिन्ही गावांचं पोळ्याचं तोरण एकच, आणि त्याखालून पहिले बैल सारोळीचे जातात. खुर्दचे पुढं घुसले तर काठ्या निघतात. दुसरा क्रम तिला सुचलाच नाही.

भादव्यात एका सकाळी अहवाल निघाला. सारोळीच्या एका विहिरीचं पाणी दूषित. जीप लगेच गेली, विहिरीवर पाटी लागली.

दुपारी नमुने गोळा करणारा भाईदास तिच्या टेबलाशी आला. तो खुर्दचा. कागद चाळून म्हणाला, "बाई, आमच्या खुर्दचे लोक पाणी पीतच नाहीत का?"

"का रे?"

"चार बाटल्या मी सोता आणल्या. अन् इथं खुर्दच्या नावापुढं शून्य! सारोळीवाले पोळ्यात पुढं, आता बाटल्याबी त्यांच्याच?"

मंगला हसली नाही. तिची लेक ज्योत्स्ना खुर्दलाच दिलेली. घरात नऊ महिन्यांचं बाळ.

तिनं दूषित नमुन्याची मूळ नोंद उघडली. 'सारोळी खुर्द, शाळेजवळची विहीर.' मग साच्याकडे पाहिलं. यंत्र डावीकडून पहिलं नाव घेतं. सारोळी? बसलं. झालं काम. पुढं 'खुर्द' लिहिलंय, त्याला पुरतं जुळणारं नाव रांगेत मागंच उभं आहे. पण त्याची पाळीच येत नाही.

ती साहेबांकडे धावली. श्रीकांत साहेब जेवणाचा डबा उघडत होते.

"जीप पुन्हा पाठवा. पाणी खुर्दचं खराब आहे."

"मंगलाबाई, सकाळी तुम्हीच सारोळी म्हणालात. आता तोंडी सांगण्यावर पाठवू? नवी यादी आणा."

खुर्दच्या दुकानातल्या फोनची नुसती घंटा वाजत होती. एका हातानं रिसिव्हर धरून तिनं दुसऱ्या हातानं साचा बदलला. लांब नावं आधी, नुसतं सारोळी सगळ्यात शेवटी. आणखी किती गावं अशी गिळली असतील? पण आता ते नाही. खुर्दपुढं चार आकडा आला. दूषित विहीर शाळेजवळची. ज्योत्स्नाच्या दारासमोरची.

प्रिंटर खरखरत एकेक ओळ काढत होता. "लवकर रे बाबा," ती त्याला म्हणाली.

जीपमध्ये ती भाईदासच्या शेजारी बसली. तापीच्या पुलावर केळीच्या ट्रकांची रांग. तिनं तीनदा घड्याळ पाहिलं.

खुर्दला पोचताच भाईदास आरडाओरडा करत विहिरीकडे पळाला, मंगला घराकडे. बाळ खाटेवर मलूल पडलेलं. काल संध्याकाळपासून जुलाब. ज्योत्स्ना म्हणाली, "दात येतायत ना आई, म्हणून असेल."

त्याच जीपनं बाळाला बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. अंधार पडता पडता डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही, पण सकाळीच आणायला हवं होतं.

व्हरांड्यात ज्योत्स्नानं विचारलं, "सारोळीत सकाळीच पाटी लागली म्हणे. आमच्याकडे एवढा उशीर का?"

मंगलाला यंत्रावर ढकलता आलं असतं.

"यादीत मी सारोळी आधी लिहिली," ती म्हणाली. "म्हणून."

ज्योत्स्ना आत बाळाजवळ गेली. मंगला तिच्यामागं गेली नाही. लेक आधी बोलावते का, याची वाट बघत दाराशी उभी राहिली.