चुंबकबाईंची तार

शाळेत त्यांना चुंबकबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बावीस वर्षांत भिंतीआडून इतक्यांदा कानावर आलं होतं की त्यांनी ते नाव मनातल्या मनात स्वीकारलं होतं. त्याला कारणही तसंच होतं. दरवर्षी चौथीच्या वर्गात विद्युतचुंबकाचा धडा आला की बाई कपाटातून एक करंगळीएवढा जाड बोल्ट काढत. त्यावर तांब्याची तार अशी गुंडाळलेली की दोन वेढ्यांमध्ये केस शिरणार नाही. नवऱ्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तो करून दिला होता. मुलं टेबलाभोवती अर्धगोलात उभी राहत. "हात मागे! कुणी हात लावायचा नाही!" बाई सेल जोडत, बोल्ट टाचण्यांच्या डबीवर धरत, आणि टाचण्यांचा अख्खा घोस लटकत वर येई. मुलांच्या तोंडून "आऽऽ" निघे. त्या "आ"वर बाईंचं वर्षभर भागायचं.

मत्सर त्यांना नवा नव्हता. जावेने नवं कपाट घेतलं तेव्हा दोन दिवस त्यांच्या पोटात दुखलं होतं, तिसऱ्या दिवशी त्याच कपाटाचं दार नीट लागत नाही हे कळलं आणि पोट बरं झालं. पण जूनपासून शाळेत आलेल्या नव्या बाईच्या बाबतीत असं कुठलंच दार सापडेना. वय सव्वीस. आवाज बारीक, तरी वर्ग गप्प. मधल्या सुट्टीत मुली तिच्या ओढणीला लोंबकळत. आणि मुलं तिला बाई न म्हणता "ताई" म्हणत.

"ताई म्हणे!" बाई शिक्षकखोलीत म्हणाल्या. "उद्या मावशी म्हणतील."

"तुम्हाला आजी म्हणतात तेव्हा चालतं की," चित्रकलेचे सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले.

"कोण म्हणतं?"

सरांचं बिस्कीट चहात पडलं आणि विषय तिथेच बुडाला.

मग मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, की पुढच्या सत्रापासून तिसरी-चौथीचं सगळं विज्ञान एकाच बाईकडे राहील. दोघींचा एकेक तास त्या बघणार होत्या. धडा एकच, वर्ग वेगळे.

बाईंचा तास सोमवारी झाला. बोल्ट, सेल, टाचण्यांचा घोस, "आ". कुठे म्हणून चूक नाही. मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकांनी एवढंच विचारलं, "मुलांनी काय केलं?"

"बघितलं ना, मॅडम."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना ते उलटं वाचता आलं नाही.

त्याच दुपारी नवी बाई मुख्याध्यापिकांसमोरच म्हणाली, "बाई, मला छत्तीस मुलांसाठी तार हवी होती. दोघांत एक खिळा. घरी मी प्लास्टिकच्या वायरवर करून पाहिलंय, पण तेवढी वायर नाही माझ्याकडे."

"ह्यांच्या घरी तारेचा ढीग आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आता नाही कसं म्हणणार?

संध्याकाळी नवऱ्याने दुकानातल्या रिळावरून हातभर लांबीचे अठरा तुकडे कापून दिले. मग सवयीने पॉलिश पेपरचा कपटा घेतला. "टोकं घासून देतो. वार्निश असतं ना वरून. न घासता जोडली तर बसतील बोंबलत."

ही तार दिसते उघड्या तांब्यासारखी, पण तिच्या अंगावर पारदर्शक वार्निश असतं आणि त्यातून वीज जात नाही. त्या घरात हे जेवणाच्या ताटाइतकं रोजचं होतं. बाईंनी स्वतः गॅलरीत बसून शेकडो टोकं घासली होती. त्यांनी नवऱ्याच्या हातातून तुकडे घेतले.

"राहू द्या. ती करील तिचं."

"सांगशील ना तिला?"

"अहो, ती बीएस्सी आहे. तिला मी काय सांगायचं?"

बुधवारी नवीचा तास होता. बाईही मागे मुख्याध्यापिकांशेजारी बसल्या. नवीने खिळे, तारा, सेल सगळं बाकांवर वाटून टाकलं आणि स्वतः बाजूला झाली. वर्गात कालवा सुरू झाला. कुणी तार उलटीसुलटी गुंडाळत होतं, कुणी सेल जमिनीवर लोळवत होतं. बाईंचे हात शिवशिवत होते. हा काय वर्ग की बाजार!

मग एकेक करून सगळ्यांनी टोकं सेलला लावली. टाचण्या ढिम्म.

"ताई, आमचा चालत नाही."

"आमचा पण."

"ताई, खिळा मेलाय."

नवीने सेल बदलला. वेढे वाढवले. काही नाही. तिच्या कपाळावर घाम आला, आणि बाईंना आतून असं गार गार वाटलं, की त्यांची त्यांनाच शरम वाटली. पण शरम वाटली म्हणून गारवा काही कमी झाला नाही.

नवी सरळ त्यांच्याकडे वळली. "बाई, तुम्ही इतकी वर्षं हे करताय. काय चुकतंय माझं?"

छत्तीस माना वळल्या. मुख्याध्यापिकांनी पेन थांबवलं. बाईंना लख्ख दिसलं: आता सांगितलं, तर परवा का नाही सांगितलं, हे कुणीही विचारील. आणि तोंडातून निघून गेलं, "मला काय माहीत? माझा तर नेहमी चालतो."

शेजारचं पेन चालू लागलं.

"मलाही माहीत नाही," नवी मुलांना म्हणाली. तिने ते इतक्या सहज म्हटलं, की बाई बघतच राहिल्या. "शोधू या. एकाचा तरी चालतोय का?"

खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या खिळ्याला तीन टाचण्या चिकटल्या होत्या.

"तू काय वेगळं केलंस?"

"काही नाही, ताई." मुलगी रडकुंडीला आली.

"ती तारेची दोन्ही टोकं चावत होती!" तिची जोडीदारीण ओरडली. "ती सगळं चावते. पेन्सिलपण चावते."

नवीने त्यातलं एक टोक उजेडात धरलं. दुसऱ्या बाकावरचं टोक आणून शेजारी धरलं. एक तपकिरी, एक लालसर झळझळीत. मुलं एकमेकांच्या डोक्यावरून वाकून बघू लागली.

"हिच्यावरचं काहीतरी निघालंय!"

"वरून रंग आहे, ताई!"

"चावायचं नाही हं कुणी! घासा." मग बाकांच्या पट्ट्यांवर, खिडकीच्या दगडावर, फरशीवर, जिथे जागा मिळेल तिथे छत्तीस मुलं तारेची टोकं घासू लागली. पाच मिनिटांत पहिली टाचणी उचलली गेली आणि जो गलका झाला, तो "आ" नव्हता. किंचाळ्या होत्या, उड्या होत्या, "माझ्या सात!", "माझ्या अकरा!" होतं. बाई बावीस वर्षं ज्या आवाजावर जगल्या होत्या, तो ह्याच्यापुढे जांभईसारखा वाटला. चावरी मुलगी तर बाकावरच चढली होती. तिला कुणी उतर म्हणत नव्हतं.

शुक्रवारी नवं वेळापत्रक लागलं. विज्ञान नवीकडे. बाईंकडे भाषा आणि परिसर. मुख्याध्यापिका चांगल्या शब्दांत बोलल्या, "तुमचं पाठांतर पक्कं आहे, बाई, पण एवढी साधी गोष्ट तुम्हालाही ठाऊक नव्हती, नाही का?" बाईंनी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

शाळा सुटल्यावर त्या विज्ञानाच्या कपाटाची किल्ली द्यायला गेल्या. नवी एकटीच टेबलावर तारांचे तुकडे सरळ करत होती.

"बाई, तुमच्या मिस्टरांचं वायंडिंगचं दुकान आहे ना?" तिने वर न बघता विचारलं.

"आहे."

"मी काल तिथे गेले होते. आणखी तार घ्यायला. त्यांनी विचारलं, टोकं घासायचं हिने सांगितलं होतं ना?"

"मग?"

"मी हो म्हटलं."

"आणि मॅडमना?"

"मॅडमना काय सांगायचंय?" नवीने तुकड्यांना रबरबँड लावलं. "मुलांना तो तास फार आवडला, बाई."

ती भांडली असती, चारचौघांत उणंदुणं काढलं असतं, तर बाईंना किती बरं वाटलं असतं. उलट उत्तर देता आलं असतं, जन्मभराचं वैर धरता आलं असतं. हिने तर तेवढीही सोय ठेवली नाही. वय सव्वीस, आणि इतका मोठेपणा कुठून आणते ही बया? आपल्याकडे सत्तेचाळीसाव्या वर्षीही तो नाही, ह्याचा बाईंना विज्ञान गेल्यापेक्षा जास्त जाळ झाला.

त्यांनी किल्ली टेबलावर आपटली आणि दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या.

"सेल फार वेळ जोडून ठेवू देऊ नकोस," त्या खेकसल्या. "तार तापते. बोटं भाजतात पोरांची. मोजून दहा आकडे, मग सोडायला लावायचं."

"थांबा हं, लिहून घेते," म्हणत नवीने लगेच वही ओढली.

बाईंनी मान उंचावून पाहिलं. अक्षरही मेलीचं सुंदर होतं.