विटेवरच्या गोगलगायी

कुणाच्या अंगात आलं की मी आधी तांब्याभर पाणी आणून ठेवते, कारण घुमून घुमून माणसाला तहान लागते. मला त्यात एवढंच दिसत आलंय. सेनगावात नववी-दहावीला सायन्स शिकवते. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून आजवर हसत आले... आता स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर खुशाल हसा.

आमचं घर बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परस. परसात उतरायला उंच पायऱ्या आणि खाली कढीपत्त्याचं झाड. घरात माणसं तीन — मी, सासूबाई आणि आमचे हे. ह्यांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. बोलणं अगदी कमी. माझ्या बहिणी ह्यांना ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणून चिडवायच्या, कारण तोंडातून शब्द न काढता माणसानं लग्न मात्र स्वतःच्या पसंतीनं जमवलं होतं!

आणि नेमक्या गोगलगायीच ह्यांच्या मागे लागल्या. पुढच्या खोलीत ह्यांचा फिश टँक होता — गप्पी, मॉली असले साधे मासे. एकदा नांदेडहून टँकमध्ये लावायची रोपं आणली, त्यांच्या पानांना चिकटून बारक्या गोगलगायी आल्या. आमचं बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर धरणारं. त्यांच्या शंखांना ते चांगलंच मानवलं. बघता बघता काच दिसेनाशी झाली. औषध टाकलं तर मासेही दगावतात, म्हणून ह्यांनी आपली एक रीत बसवली. संध्याकाळी काकडीची चकती चमच्याला दोऱ्यानं बांधून टँकच्या तळाशी सोडायची. सकाळपर्यंत त्यावर गोगलगायी गोळा व्हायच्या. त्या काढून कढीपत्त्याखालच्या विटेवर ओळीनं मांडायच्या, तोंड खाली करून. उन्हानं वाळल्या की चुरा करून झाडाला घालायचा.

“नालीत फेका ना सरळ,” मी म्हणायचे.

“न्हाई. नालीतून वढ्यात जातात, मग तिथं पैदास. आपली तकलीफ आपल्याच घरात जिरवावी.”

मग ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. दुसऱ्या झटक्यानंतर फक्त डोळे तेवढे हलायचे. दिवसभर बघायला काहीतरी असावं म्हणून कॉट टँकसमोर घेतली. पण टँककडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? गोगलगायी इतक्या माजल्या की मासे शोधावे लागायचे. ह्यांचे डोळे मात्र तिथेच.

एका सकाळी कढीपत्ता तोडायला परसात उतरले, तर विटेवर गोगलगायी. ओळीनं, तोंड खाली, ओल्या. धावत आत आले. टँकच्या तळाशी चमचा, त्याला बांधलेली काकडीची चकती. मी बांधली नव्हती. आणि मागच्या दाराची कडी तर मी नुकतीच आतून काढली होती.

तुम्हाला वाटेल, सासूबाई. मलाही वाटलं. पण त्या माझा हात धरल्याशिवाय एक पायरी उतरत नाहीत, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना सांगितलं तर त्या चाचपडत कॉटपाशी गेल्या आणि ह्यांचे पाय चोळायला लागल्या.

“माझं लेकरू उठून राहिलंय.”

“आई, त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही.”

“मग कोन काढीन गं? ही रीत मला, तुला अन् त्याला ठावं. मला दिसत न्हाई, तू म्हनती मी न्हाई केलं. राहिलं कोन?”



पुन्हा झालं. रोज नाही, पण होत राहिलं. आम्ही आळीपाळीनं जागून पाहिलं, तर जागलो की काहीच व्हायचं नाही. सासूबाईंनी ह्यांच्या चपला कॉटखाली, पाय टाकताच सापडतील अशा मांडून ठेवल्या. आणि मी, सायन्सची बाई, सकाळी उठल्याबरोबर ह्यांची बोटं हुंगायला लागले. काकडीचा वास येतो का? नखात शेवाळ आहे का? एकदा बोटांची टोकं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली दिसली, तर मी आनंदानं रडले. ताप होता म्हणून झोपताना मीच त्यांचे हात ओल्या फडक्यात गुंडाळले होते, हे दुपारी वर्गात शिकवताना आठवलं. तरी आशा सुटेना.

“तुम्ही काढल्या का हो?” मी विचारायचे. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, तसं पाणी येतच असतं, त्यात अर्थ शोधू नका. आणि हे उठतील असं धरूनही चालू नका. परतताना जीपमध्ये मी मनात म्हणत होते, डॉक्टरला काय माहीत आमच्या घरात काय चाललंय!

टँक स्वच्छ होत गेला. पडून पडून झालेल्या ह्यांच्या पाठीच्या जखमा वाढत गेल्या. पोळ्याच्या आधी हे गेले.

सगळं पुसेगावला, ह्यांच्या गावी झालं. तेरवी होईपर्यंत सेनगावचं घर बंद होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. भर दुपारी कुलूप उघडलं तेव्हा सोबत सासूबाई आणि नणंद होत्या. मी टँकपाशी गेले. तळाशी चमचा होता. काकडीची चकती आत्ता चिरल्यासारखी ताजी. घरात काकडी नव्हतीच. मागचं दार उघडलं. विटेवर ओल्या गोगलगायी होत्या, एक तर अजून हलत होती.

नणंदेनं हात जोडले. “वैनी, दादा येऊन राहिला गं...”

खरं सांगते, मलाही क्षणभर बरं वाटलं.

सासूबाई रिकाम्या कॉटवर बसल्या. “कुलूप बराबर होतं?”

“होतं.”

“त्याला जाळून आलो ना आपन?”

“हो, आई.”

“मंग आता त्याच्या बगर होऊन राहिलं, तर तवाबी त्याच्या बगरच होत असंल.” मग म्हणाल्या, “त्यो कवाच उठला न्हवता गं.”

त्यांनी कॉटखालून चपला काढल्या, त्यांच्या तळांवरून बोटं फिरवली आणि माझ्या हातात दिल्या. “ठेव कुठंबी. जराशी मातीबी न्हाई यांना.”

नववीला मी हेच शिकवते. प्रयोगातून एक गोष्ट काढून टाका, आणि निकाल तरीही तोच आला, तर त्या गोष्टीचा निकालाशी संबंध नाही. वर्गात ते वाक्य आता मला पुरं करता येत नाही.

मासे देऊन टाकले, टँक कोरडा करून माळ्यावर टाकला. विटेवर पुन्हा काही आलं नाही. भीती मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. राग येतो. जे कुणी होतं त्याला काकडी बांधता येत होती, कडी काढता येत होती... ह्यांना एकदा कुशीवर वळवता आलं नसतं?

शेवटी ‘कुणाला कारण माहीत असल्यास कळवा’ असं लिहायची पद्धत आहे. मला नका कळवू. कारण काहीही निघालं, तरी त्यात माझा नवरा नसणार.