ट्रेमधली गाठ

डॉक्टरांनी स्टीलचा ट्रे नवऱ्याच्या नाकाखाली धरला. "बघा पावणं, केवढी पिशवी. नारळच की."

गर्भाची पिशवी, माझी. मी तिथंच स्ट्रेचरवर, कमरेखाली बधिर, पण डोळे-कान शाबूत. मला कुणी दाखवली नाही. मीच मान वाकडी करून बघितली. आमच्याकडं ही रीतच आहे. ऑपरेशनात काढलेलं नातेवाइकांना दाखवायचं, म्हणजे त्यांची खात्री पटते.

सिस्टरनं विचारलं, "सर, लॅबला पाठवायची?"

डॉक्टरांनी केसपेपरवरचं माझं आडनाव वाचलं. आमच्या भागात आडनावावरून सगळं कळतं. आम्ही बौद्ध.

"राहू दे. हे लोक रिपोर्ट न्यायला तरी येतात का? पिशवीतली साधी गाठ आहे. टाकून दे."

नवऱ्यानं हात जोडले.

आणि मी काय केलं? शिवाजी पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. टाके वाळायच्या आत मी दुकानात त्या नारळाचा खेळ लावला. मापाची टेप स्टेथोस्कोपसारखी गळ्यात, डब्याचं झाकण म्हणजे ट्रे, डॉक्टरांचा आवाज हुबेहूब. बायका हसून लोळायच्या. 'हे लोक' एवढं वाक्य मात्र मी गाळायची. दर खेळाला. अपमान माझा, आणि त्यावर चालवलेली कात्रीही माझीच.

दहा महिन्यांनी खोकला लागला. जाईना. फुप्फुसात गाठी निघाल्या. मोठ्या हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पिशवी काढली तेव्हा गाठ तपासली होती?"

"व्हय की," नवरा म्हणाला. "मला दाखवली न्हवं का."

दहा महिने हा माणूस दाखवण्यालाच तपासणी समजून निर्धास्त झोपला होता.

मग तो म्हणाला, "हिला भाईर बसवतो. मला सांगा काय ते."

"तुम्हीच बसा भाईर," मी म्हटलं.

बाईंनी सांगितलं. सार्कोमा. पिशवीच्या स्नायूत होणारा, फार थोड्या बायकांना होणारा कॅन्सर. डोळ्यांना साध्या गाठीसारखाच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच ओळखू येतो. आता दर तीन आठवड्यांनी केमो. रोग थोपवायचा. मुळासकट जाईल अशी आशा त्यांनी दाखवली नाही.

"तवाच कळलं असतं तर?"

"लक्ष ठेवता आलं असतं. कदाचित लवकर सापडला असता. कदाचित तरीही पसरला असता. खोटं सांगत नाही."

हे 'कदाचित' माझ्या घशात अडकलंय. खोकून निघत नाही.

पहिल्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "दुर्मिळ असतं हो हे. नशीब."

"गाठ तपासली न्हाय, एवढं लिहून द्या."

"तुम्हा लोकांना जरा शिकवलं की असंच होतं."

या वेळी मी वाक्य गाळलं नाही. बाहेर काउंटरवर उभी राहिले, कागद मागितला आणि बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक शब्द म्हणत तक्रारीचा अर्ज लिहिला. त्यांचं जुनं वाक्य आणि हे नवं, दोन्ही जसंच्या तसं. दोघी-तिघी उठून जवळ आल्या. काउंटरवरच्या मुलीनं शिक्का मारायला आढेवेढे घेतले. मी हलले नाही. दुपारी पोच मिळाली. दुसरी प्रत मेडिकल कौन्सिलला गेली.

सोमवारी पहिली केमो. चौकशी लागेपर्यंत मी असेन की नाही, हे बाईंनाही सांगता येत नाही. म्हणून कौन्सिलला धाडलेल्या प्रतीखाली दोन सह्या आहेत. दुसरी माझ्या लेकीची. तिला बजावून ठेवलंय: मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला चार माणसं कमी आली तरी चालतील. सुनावणीच्या तारखेला तू गैरहजर राहायचं न्हाय.